परसबागेतील लेमन व्हर्बेना : पानासाठी लावा, तेलासाठी नव्हे

“लेमन व्हर्बेना म्हणजे आपला गवती चहाच ना?” हा प्रश्न शेतकरी मेळाव्यांत विस्तार कार्यकर्त्यांना हमखास ऐकावा लागतो. दोहोंच्या पानांना लिंबासारखा वास येतो आणि तो प्रामुख्याने सिट्राल या एकाच घटकामुळे येतो, म्हणून गोंधळ स्वाभाविक आहे. परंतु गवती चहा हे गवत आहे, तर लेमन व्हर्बेना हे काष्ठमय खोडाचे झुडूप. त्याचे शास्त्रीय नाव अ‍ॅलोयसिया सिट्रोडोरा. जुन्या पुस्तकांत ते लिपिया सिट्रिओडोरा किंवा अ‍ॅलोयसिया ट्रायफायला या नावांनीही आढळते. ‘ट्रायफायला’ म्हणजे तीन पानांचे, आणि ओळखीची खूण नेमकी हीच आहे. फांदीच्या प्रत्येक पेरावर बहुधा तीन, क्वचित चार पाने वर्तुळाकार निघतात. पान भाल्याच्या पात्यासारखे अरुंद आणि स्पर्शाला खरखरीत असते. रस्त्याकडेच्या घाणेरीचे पान ज्याने चुरडले आहे, त्याला या खरखरीतपणाचे नवल वाटणार नाही. दोन्ही वनस्पती एकाच कुळातील आहेत. रोप विकत घेताना ही खूण अवश्य तपासावी, कारण लेमन बाम, लिंबू-तुळस अशी अन्य रोपेही या नावाखाली हाती पडू शकतात.

मूळचे हे झुडूप दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना, बोलिव्हिया, चिली, पेरू या भागांतले. अठराव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेले आणि स्पेनच्या राणी मारिया लुईसा यांच्या नावावरून त्याच्या प्रजातीला अ‍ॅलोयसिया हे नाव मिळाले. फ्रान्स, स्पेन व मोरोक्को येथे त्याच्या पानांचा काढा आजही घरोघरी पितात.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. सुगंधी तेलाच्या दराचे आकर्षण दाखवून या पिकाची एकरांनी लागवड सुचवली जात असेल, तर विस्तार कार्यकर्त्याने प्रथम थांबण्याचा सल्ला द्यावा. गवती चहाच्या तेलात साधारणतः 70 ते 80 टक्के सिट्राल असते. व्हर्बेनाच्या तेलात त्याचे प्रमाण बरेच कमी, बहुधा एक तृतीयांशाच्या आसपास असते. त्यामुळे सिट्रालसाठी व्हर्बेना लावण्यात अर्थ नाही. शिवाय त्वचेला अ‍ॅलर्जी होण्याच्या शक्यतेमुळे युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांत सुगंधासाठी व्हर्बेनाचे तेल वापरण्यास मनाई केली आहे. म्हणजे ज्या बाजारपेठेचे नाव घेऊन हे पीक गळ्यात मारले जाते, तेथील एक मोठे दार बंदच आहे. ज्यांना सुगंधी तेलाचेच उत्पादन घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी गवती चहाचे लखनौच्या ‘सीमॅप’ने विकसित केलेले कृष्णा, कावेरी यांसारखे वाण आणि केरळमधील ओडक्कली केंद्राचा अनुभव हाताशी आहे. व्हर्बेनाचे खरे मोल त्याच्या पानात आहे.

या झुडपाला भरपूर ऊन, हलकी जमीन आणि उत्तम निचरा हवा. दख्खनचे पठार, बंगळूर परिसर, निलगिरी, हिमाचलचा सखल भाग अशा मध्यम हवामानात ते सुखाने वाढते. उत्तरेकडील मैदानी प्रदेशात मे महिन्याच्या दुपारी त्याला सावली द्यावी. कोकण, गोवा किंवा केरळ किनारपट्टीवर मात्र खरा शत्रू उन्हाळा नसून पावसाळा आहे. मुळाशी पाणी साचले की मुळे कुजतात आणि झाड सावरत नाही. तेथे जमिनीत लावण्यापेक्षा 12 इंची कुंडीच बरी; जून ते सप्टेंबर ती पागोळीपासून दूर, पण उजेडात ठेवता येते. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत व एक भाग जाडसर वाळू एवढे मिश्रण पुरेसे होते. खताचा मारा करू नये, त्याने पाने मोठी होतात पण वास उतरतो.

बियांपासून रोपे करण्याच्या खटपटीत पडू नये. पाऊस ओसरल्यावर किंवा फेब्रुवारीत, नवीन फुटीच्या अर्धवट पक्व फांदीचे 10 ते 12 सेंटिमीटर लांबीचे, फुले नसलेले छाट घ्यावेत. काप पेराच्या लगेच खाली द्यावा, खालची पाने काढावीत, वरची निम्मी कापावीत आणि छाट ओलसर वाळूत खोचून त्यावर पारदर्शक पिशवी सैलसर घालावी. ही पिशवी रोज थोडा वेळ उघडावी. अन्यथा बुरशीने छाट काळे पडतात. साधारण तीन ते पाच आठवड्यांत मुळे फुटतात. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा, म्हणजे ते उंच व किडकिडीत न होता भरदार होते.

पांढरी माशी व लाल कोळी या झाडावर हटकून येतात. पाने थेट पोटात जाणार असल्याने रासायनिक फवारणीचा विचारच नको. पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा दर दोन-तीन दिवसांनी मारल्यास बहुतेक वेळा भागते. निंबोळी अर्क वापरलाच, तर पुढील काही दिवस पाने खुडू नयेत आणि नंतर ती स्वच्छ धुऊन घ्यावीत.

फुलोरा येण्यापूर्वी, सकाळी दव सुकल्यावर फांद्या कापाव्यात. पाने नेहमी सावलीत, हवेशीर जागी वाळवावीत. उन्हात वाळवली तर सुगंध उडून जातो. नीट वाळलेले पान हवाबंद बरणीत कित्येक महिने वास टिकवते. ताजी चार-पाच पाने कपात घालून वर उकळते पाणी ओतावे आणि पाच मिनिटे झाकून ठेवावे. गवती चहासारखे खळखळ उकळू नये. सरबताच्या पाकात किंवा श्रीखंडात वेलदोड्याऐवजी हा स्वाद करून पाहण्यासारखा आहे. पान मात्र चावत नाही, म्हणून ते गाळून घ्यावे किंवा वाळवून बारीक पूड करावी. गर्भवती स्त्रिया व मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय नियमित सेवन टाळावे. एखाद्या बचत गटास वाळलेली पाने पाकिटबंद करून विकायची असल्यास अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाची नोंदणी आधी करावी आणि पाकिटावर औषधी गुणांचे दावे छापू नयेत.

थंड प्रदेशात हिवाळ्यात हे झुडूप सर्व पाने टाकते आणि पुष्कळ लोक ते मेले असे समजून उपटून फेकतात. तसे करण्यापूर्वी नखाने साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर पाणी अगदी कमी करावे, थंडी ओसरत आल्यावर फांद्या एक तृतीयांश छाटाव्यात आणि नव्या फुटीची वाट पाहावी.