'मद्रासी' शब्दाआडचे तामिळनाडू

महाराष्ट्र आणि तामिळनाडू या दोन राज्यांच्या सीमा कोठेही एकमेकींना भिडत नाहीत. तरीही तामिळ माणसाविषयी ठाम मत नसलेला मराठी माणूस सापडणे कठीण. तो कपाळी भस्माचे पट्टे ओढतो, इडली-सांबारावर जगतो, गणितात हुशार असतो, हिंदी येत असूनही मुद्दाम बोलत नाही आणि जेथे जाईल तेथे आपल्याच माणसांची भरती करतो, ही या मताची प्रमुख कलमे. आता चेन्नईच्या परिसरातील मोटार-कारखाने आणि माहिती-तंत्रज्ञान कंपन्या यांच्यामुळे पुण्या-मुंबईचे तरुण तिकडे राहायला जाऊ लागले आहेत. त्यांना निरोप देणाऱ्या नातेवाइकांच्या शंका मात्र जुन्याच असतात. "तिकडे हिंदी बोलले तर अंगावर येतात म्हणे!", "चपाती मिळते का?" या शंकांमागे थोडे सत्य आहे, बराच इतिहास आहे आणि त्याहून अधिक अर्धवट ओळख आहे.

एका शब्दाची जन्मकथा

'मद्रासी' हा शब्द मुळात तिरस्काराचा नव्हे, प्रशासनाचा. ब्रिटिशांच्या मद्रास इलाख्यात आजच्या तामिळनाडूबरोबरच आंध्रचा किनारपट्टीचा प्रदेश, रायलसीमा, मलबार आणि मंगळूर-उडुपीचा दक्षिण कानडा जिल्हा यांचाही समावेश होता. तामिळ, तेलुगू, मल्याळम आणि कन्नड बोलणारे लोक एकाच इलाख्याचे रहिवासी असल्याने बाहेरच्यांनी त्यांना एकच नाव दिले. पुढे पोट्टी श्रीरामुलु यांच्या बलिदानानंतर १९५३ मध्ये आंध्र वेगळा झाला आणि १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचनेने उरलेले भाग आपापल्या राज्यांत गेले. मद्रास राज्य १९६९ मध्ये तामिळनाडू झाले, १९९६ मध्ये मद्रास शहर चेन्नई झाले. इलाखा गेला, राज्याचे नाव गेले, शहराचेही गेले. 'मद्रासी' मात्र उरला. आणि जे हैदराबाद व म्हैसूर कधीच मद्रास इलाख्यात नव्हते, तेथील माणसालाही तो आजतागायत चिकटवला जातो.

हिंदी चित्रपटाने या शब्दाला चेहरा दिला. १९६८ च्या 'पडोसन'मधील मेहमूद यांचा शेंडीवाला संगीतशिक्षक हा त्याचा नमुना. २०१३ च्या 'चेन्नई एक्सप्रेस'पर्यंत वेष बदलला, उच्चारांची थट्टा फारशी बदलली नाही. या उच्चारांमागे एक साधे कारण आहे. तामिळ लिपीत क, ख, ग, घ या चारही ध्वनींसाठी एकच अक्षर आहे. तसेच च, ट, त आणि प वर्गांचे. शब्दातील स्थानावरून उच्चार ठरतो. त्यामुळे परभाषेतील 'ख' आणि 'घ' यांतला भेद त्या कानांना सवयीचा नसतो, जसा तामिळमधील जीभ मागे वळवून उच्चारल्या जाणाऱ्या 'ळ'-सदृश ध्वनीचा भेद मराठी कानाला सहज कळत नाही. रोमन लिपीत तामिळ माणूस 'त'साठी 'टी' आणि 'एच' अशी दोन अक्षरे लिहितो, कारण एकटा 'टी' त्याने 'ट'साठी राखून ठेवलेला असतो. ते न कळल्याने मराठीत 'ललिता'ची 'ललिथा' होते. चूक दोन्हीकडे होते. थट्टा मात्र एकाच बाजूची झाली.

माटुंगा दिसला, धारावी दिसली नाही

मुंबईच्या मनातील दाक्षिणात्य माणूस घडला तो कचेरीत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मद्रास इलाख्यात ब्राह्मणेतर चळवळीने जोर धरला आणि १९२० च्या दशकापासून सरकारी नोकऱ्यांत जातनिहाय वाटप सुरू झाले. इंग्रजी शिकलेल्या ब्राह्मण तरुणांना तेथील वाटा अरुंद वाटू लागल्या. त्यांतील अनेक जण टंकलेखन आणि लघुलेखनाचे शिक्षण घेऊन मुंबई, दिल्ली, कोलकात्याला निघाले. मुंबईत ते माटुंग्याला स्थिरावले. शाकाहारी, कर्मठ, काटकसरी आणि हिशेबात चोख असा जो 'मद्रासी' मुंबईने पाहिला, तो तामिळ समाजाच्या एका अगदी लहान थराचा प्रतिनिधी होता.

त्याच काळात माटुंग्याच्या शेजारीच, धारावीत, तिरुनेलवेलीकडून आलेले दलित तामिळ कामगार कातडी कमावण्याचे कष्टाचे काम करत होते. त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती तेथे उभी राहिली. पण 'मद्रासी'च्या प्रतिमेत त्यांना जागा मिळाली नाही. १९६० च्या दशकात 'मार्मिक' साप्ताहिकाने मुंबईतील कचेऱ्यांमधील दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या याद्या छापल्या, १९६६ मध्ये शिवसेनेची स्थापना झाली आणि 'हटाव लुंगी, बजाव पुंगी' ही घोषणा शहरभर दुमदुमली. मराठी तरुणांच्या बेकारीची व्यथा खरी होती. परंतु तिचा रोष ज्या प्रतिमेवर निघाला, ती चार कचेऱ्यांतून तयार झालेली होती आणि त्याची झळ उडुपी उपाहारगृहांनाही बसली, ज्यांचे मालक बहुतांशी तामिळ नव्हे, कानडी मुलखातील होते.

उपाहारगृहांनी प्रतिमेत आणखी एक भर घातली. मुंबई-पुण्याला जे 'साउथ इंडियन' जेवण म्हणून ठाऊक आहे, ते मुख्यतः उडुपीच्या शाकाहारी स्वयंपाकाचे रूप आहे. त्यावरून सारा दक्षिण भारत शाकाहारी असल्याचा समज झाला. वास्तव उलटे आहे. २०१४ च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार तामिळनाडूतील सुमारे ९८ टक्के प्रौढ मांसाहारी आहेत. महाराष्ट्रात हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास आहे. अंबूर आणि दिंडुक्कलची बिर्याणी, चेट्टिनाडचे मसालेदार कोंबडीचे रस्से, मदुराईचा परोटा, किनाऱ्यावरचे मासे हे तेथील रोजचे वास्तव आहे. नव्याने गेलेल्या मराठी शाकाहाऱ्याला त्याचा धक्का बसतो. त्याच वेळी चेन्नईच्या काही भागांत 'फक्त शाकाहारी कुटुंबास' अशी अट घालणारा घरमालकही भेटतो. जेवणावरून भाडेकरू निवडण्याची रीत मुंबईकराला तरी नवी वाटू नये.

'हिंदी नाही' याचा अर्थ

सर्वांत मोठा गैरसमज अर्थातच भाषेचा. १९३७ मध्ये सत्तेवर आलेल्या राजगोपालाचारी सरकारने शाळांत हिंदी सक्तीची केली, तेव्हा पहिले मोठे आंदोलन पेटले आणि १९४० मध्ये सक्ती मागे घ्यावी लागली. २६ जानेवारी १९६५ पासून हिंदी ही केंद्राची एकमेव राजभाषा होणार, या भीतीने दुसरे आंदोलन उसळले. त्यात अनेकांचे प्राण गेले, काहींनी आत्मदहन केले. १९६७ मध्ये राजभाषा कायद्यात दुरुस्ती होऊन इंग्रजीचे स्थान कायम राहिले. त्याच वर्षी द्रमुक सत्तेवर आला आणि १९६८ मध्ये राज्याने तामिळ व इंग्रजी हे द्विभाषा सूत्र स्वीकारले.

याचा सरळ परिणाम असा, की सरकारी शाळेत शिकलेल्या सामान्य तामिळ माणसाचा हिंदीशी शाळेत संबंधच येत नाही. रिक्षाचालक किंवा भाजीवाली हिंदीत उत्तर देत नाही, ते बहुधा हिंदी येत नसते म्हणून. 'मुद्दाम बोलत नाहीत' हा आरोप करणारा, समोरच्याला हिंदी आलीच पाहिजे हे आधीच गृहीत धरून चाललेला असतो. दुसरीकडे, गांधीजींच्या प्रेरणेने १९१८ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेचे मुख्यालय चेन्नईतच आहे आणि तिच्या परीक्षांना तामिळ मुले स्वखुशीने बसत आली आहेत. विरोध आहे तो सक्तीला. महाराष्ट्राला हा मुद्दा समजावून सांगण्याची गरज आता उरू नये. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा शिकवण्याचा निर्णय राज्य सरकारने जाहीर केला, तेव्हा मराठी समाजात जो संताप उसळला आणि जूनअखेर संबंधित शासन निर्णय ज्या रीतीने मागे घ्यावे लागले, त्यातून तामिळांच्या 'हट्टा'चा अर्थ अनेकांच्या प्रथमच ध्यानी आला असेल.

भाषेची अडचण येतच नाही, असे म्हणणे मात्र खोटेपणाचे ठरेल. बसवरच्या पाट्या, पोलीस ठाण्यातील तक्रार, घरकाम करणाऱ्या बाईंशी बोलणे, हे सारे तामिळवाचून अडते. परंतु 'कोंजम कोंजम तमिळ तेरियुम', म्हणजे थोडे थोडे तामिळ येते, एवढे म्हणताच वातावरण निवळते, असा तेथे राहणाऱ्या अनेकांचा अनुभव आहे. शिवाय हाक मारण्याचे शब्द तर मराठी घरातलेच आहेत. अण्णा, अक्का, अप्पा या हाका दोन्ही भाषांत ऐकू येतात.

आडनाव नसलेली माणसे

नव्या माणसाला बुचकळ्यात टाकणारी आणखी एक गोष्ट म्हणजे नावे. मराठी माणूस ओळख होताच आडनाव विचारतो आणि त्यावरून मनातल्या मनात जातीचा, गावाचा अंदाज बांधतो. तामिळनाडूत बहुसंख्यांना आडनावच नसते. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आणि स्वतःचे नाव एवढेच. पूर्वी तेथेही नावामागे मुदलियार, पिळ्ळै, नाडर अशी जातिवाचक पदे लावली जात. पेरियार ई. व्ही. रामस्वामी यांच्या स्वाभिमान चळवळीने १९२९ च्या चेंगलपट्टू परिषदेत ती गाळण्याचा आग्रह धरला आणि हळूहळू ते समाजाच्या अंगवळणी पडले. मुंबईने ज्या अय्यर-अय्यंगारांवरून तामिळ माणूस ओळखला, ती पदे आज खुद्द तामिळनाडूत फारशी ऐकू येत नाहीत.

येथे दुसऱ्या टोकाच्या साच्यापासूनही सावध राहिले पाहिजे. हल्ली तामिळनाडूचे कौतुक करताना 'तेथे जात संपली' असे सांगितले जाते. ते खरे नाही. १९६८ मध्ये कीळवेण्मणी येथे ४४ दलितांना जाळून मारण्यात आले. २०१६ मध्ये उडुमलपेट येथे आंतरजातीय विवाह केलेल्या दलित तरुणाची भररस्त्यात हत्या झाली. डिसेंबर २०२२ मध्ये पुदुकोट्टै जिल्ह्यातील वेंगैवयल गावात दलित वस्तीच्या पाण्याच्या टाकीत विष्ठा आढळली. नावातून गेलेली जात मनातून जाईलच असे नाही, हे शाहू-फुले-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्रालाही अनुभवाने ठाऊक आहे.

रोजच्या जगण्यातले राज्य

प्रतिमांच्या धुराळ्यात जे दिसत नाही, ते तेथे राहणाऱ्याला रोज दिसते. देवळांचा आणि भातशेतीचा प्रदेश म्हणून ओळखले जाणारे हे राज्य २०११ च्या जनगणनेत ४८ टक्क्यांहून अधिक नागरी होते. महाराष्ट्र ४५ टक्के. वार्षिक उद्योग पाहणीच्या २०१९-२० च्या आकडेवारीनुसार देशातील कारखान्यांत काम करणाऱ्या महिलांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक एकट्या तामिळनाडूत होत्या. पाळी बदलण्याच्या वेळी कंपन्यांच्या बसमधून उतरणाऱ्या मुलींचे घोळके पाहिले, की 'सनातनी दक्षिणे'ची कल्पना डळमळते. कामराज यांच्या काळात सुरू झालेले आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी विस्तारलेले शाळेतील मध्यान्ह भोजन, २०२२ ची सकाळच्या न्याहारीची योजना, १९९४ मध्ये स्थापन झालेले औषध-खरेदी महामंडळ यांची 'फुकट वाटप' म्हणून बाहेर टिंगल झाली; नंतर त्यांतील काहींचे अनुकरण देशाने केले.

हवामानाविषयीची तक्रार मात्र खरी आहे. मे महिन्याचा घाम अंगावर सुकत नाही, आणि जूनमध्ये सवयीने आकाशाकडे पाहणाऱ्या मराठी माणसाची निराशा होते. चेन्नईचा निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. डिसेंबर २०१५ मध्ये त्याने शहर बुडवले. जून २०१९ मध्ये त्याच शहराचे तलाव कोरडे पडून टँकरच्या रांगा लागल्या.

अफवेची किंमत

असे साचे निरुपद्रवी विनोद असते तर त्यांची चर्चा करण्याचे कारण नव्हते. मार्च २०२३ मध्ये तामिळनाडूत बिहारी मजुरांवर हल्ले होत असल्याच्या चित्रफिती पसरल्या. त्या खोट्या किंवा भलत्याच घटनांच्या होत्या. तरीही तिरुप्पूर-कोइम्बतूरमधील मजुरांमध्ये घबराट पसरली, घरच्यांचे फोन खणखणू लागले, बिहारला अधिकाऱ्यांचे पथक पाठवावे लागले आणि अफवा पसरवणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. 'ते लोक हिंदीवाल्यांचा द्वेष करतात' हे आधीपासून मनात पक्के नसते, तर त्या चित्रफितींवर इतक्या लवकर विश्वास बसला नसता. द्वेषाच्या आरोपाशी न जुळणारा पुरावा तेथील सार्वजनिक जीवनातच आहे. एम. जी. रामचंद्रन मल्याळी कुटुंबातले, जयललितांचा जन्म कर्नाटकातला आणि रजनीकांत तर बंगळुरूच्या मराठी घरातील शिवाजीराव गायकवाड. तामिळ जनतेने या तिघांनाही डोक्यावर घेतले.

मराठी माणसाने तामिळ देशी राहून कसे पाहावे, याचा दाखला शोधायला फार लांब जावे लागत नाही. व्यंकोजी भोसल्यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले आणि १८५५ पर्यंत तेथे मराठी राज्य होते. बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठी शिलालेख कोरला गेला, सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागद जमा झाले, मराठी कीर्तनातील साकी-दिंडी तामिळ हरिकथेत जाऊन बसल्या. राज्य गेले, पण माणसे परतली नाहीत. त्यांच्या वंशजांच्या घरांत आजही एक जुन्या वळणाची मराठी बोलली जाते आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडताच ती माणसे सहज तामिळ बोलू लागतात. एक भाषा जपण्यासाठी दुसरीचा तिरस्कार करावा लागत नाही, हे साडेतीनशे वर्षे तेथे राहिलेल्या या मराठी घरांना कोणी शिकवावे लागलेले नाही.