ज्ञानकोशांतील वाद आणि त्यांचे मध्यस्थ

हल्लीं सुशिक्षित घरांत एखाद्या गोष्टीविषयीं शंका निघाली, कीं कपाटांतील कोश काढण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाहीं. हातांतील मोबाइलवर विकिपीडियाचें पान उघडतें, चार ओळी वाचल्या जातात, आणि शंकेचें समाधान झालें असें समजून मंडळी पुन्हां आपापल्या कामास लागतात. त्या चार ओळी कोणीं लिहिल्या, कोणत्या आधारावर लिहिल्या आणि त्यांवरून कोणाशीं कोणाचा किती कडाक्याचा वाद झाला, याची चौकशी क्वचितच कोणी करतो. वस्तुतः त्याच पानाच्या माथ्यावर 'चर्चा' आणि 'इतिहास पहा' असे शब्द लिहिलेले असतात. त्यांच्या आड एक सभा अहोरात्र चाललेली असते. तिचे सभासद वेतन घेत नाहींत, आणि बहुतेक आपलें खरें नांवहि सांगत नाहींत. या सभेचा परिचय आमच्या वाचकांस व वाचक-भगिनींस करून द्यावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आपल्याकडील कोशपरंपरा निराळी. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा २३ खंडांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' घ्या, किंवा वाई येथें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं सिद्ध होऊं लागलेला 'मराठी विश्वकोश' घ्या. ग्रंथावर संपादकाचें नांव असतें, आणि चूक आढळली तर जाब कोणास विचारावा हें ठाऊक असतें. अमेरिकेंतहि आरंभीं अशीच योजना होती. इ. स. २००० मध्यें जिमी वेल्स यांनीं 'न्यूपीडिया' नांवाचा कोश काढला व लॅरी सँगर यांस त्याचे मुख्य संपादक नेमलें. प्रत्येक लेख तज्ज्ञांकडून सात पायऱ्यांनीं तपासून घ्यावयाचा, असा तेथील दंडक होता. परिणाम असा झाला, कीं वर्ष उलटलें तरी पुरे झालेले लेख फार थोडे! म्हणून १५ जानेवारी २००१ रोजीं त्याच्या जोडीस विकिपीडिया सुरू करण्यांत आला. येथें वाटेल त्यानें लिहावें, वाटेल त्यानें दुरुस्त करावें, अशी मोकळीक होती. पुढें मूळ कोश मागें पडून बंद झाला, आणि हा जोडधंदा मात्र तीनशेंहून अधिक भाषांत पसरला. इंग्रजी आवृत्तींत आज ७० लाखांहून अधिक लेख आहेत. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजीं, म्हणजे महाराष्ट्रदिनीं, झाला.

आतां प्रश्न असा, कीं जेथें कोणीहि लिहावें तेथें खरें-खोटें कोणीं ठरवावें? याचें उत्तर त्या मंडळींनीं तीन नियमांत दिलें आहे. पहिला नियम तटस्थतेचा : विश्वसनीय ग्रंथांत एखाद्या विषयावर जीं मतें असतील, तीं त्यांच्या वजनाच्या प्रमाणांत मांडावीं, लेखकानें स्वतः कोणाची बाजू घेऊं नये. दुसरा पडताळ्याचा : जें लिहिलें त्याचा छापील अथवा अन्य विश्वसनीय आधार दाखवितां आला पाहिजे. तिसरा असा, कीं स्वतःचें नवें संशोधन येथें आणूं नये.

ज्यांस न्यायशास्त्राचा थोडाबहुत परिचय आहे, त्यांस या नियमांचें मर्म चटकन् उमगेल. नैयायिकांनीं प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशीं चार प्रमाणें मानिलीं. विकिपीडियाचा लेखक 'मीं हें डोळ्यांनीं पाहिलें' असें म्हणूं लागला, तर तें तेथें चालत नाहीं. 'यावरून असें सिद्ध होतें' असें म्हणूं लागला, तर तेंहि चालत नाहीं. चार प्रमाणांपैकीं त्याच्या हातीं एकटें शब्दप्रमाण उरतें. तोहि शब्द स्वतःचा नव्हे, तर ज्याचा त्या विषयांत अधिकार आहे अशा तिऱ्हाइताचा. विद्वानास हा नियम जाचक वाटणें स्वाभाविक आहे. परंतु लिहिणारा कोण आहे हें जेथें ठाऊकच नाहीं, तेथें त्याच्या प्रत्यक्षावर व अनुमानावर विश्वास कोणत्या आधारें ठेवावा? निनांवी माणसाकडे मागण्यासारखी एकच वस्तु असते, आणि ती म्हणजे पुरावा.

हा नियम कोठपर्यंत ताणला जातो, याचें एक मासलेवाईक उदाहरण आहे. फिलिप रॉथ हे अमेरिकेंतील नामांकित कादंबरीकार. त्यांच्या 'द ह्यूमन स्टेन' या कादंबरीचा नायक अनातोल ब्रॉयार्ड या टीकाकारावरून घेतला असावा, असें मत विकिपीडियांत नोंदलेलें होतें. रॉथ यांचें म्हणणें असें, कीं ही कथा आपणांस प्रिन्स्टन येथील एक प्राध्यापक मेल्विन ट्यूमिन यांच्या अनुभवावरून सुचली. त्यांच्या वतीनें दुरुस्ती करूं जातां उत्तर मिळालें, कीं ग्रंथकार स्वतःच्या ग्रंथाविषयीं मोठा अधिकारी खरा. पण आम्हांस दुय्यम साधन हवें! तेव्हां सप्टेंबर २०१२ मध्यें रॉथ यांनीं 'न्यू यॉर्कर' पत्रांत विकिपीडियास उद्देशून एक अनावृत पत्रच लिहिलें. गंमत अशी, कीं तें पत्र प्रसिद्ध होतांच तेंच प्रमाण झालें, आणि रॉथ यांचें म्हणणें लेखांत दाखल झालें. ज्या गोष्टीसाठीं स्वतः कर्त्याचा शब्द पुरला नाहीं, तिला त्याच कर्त्याचा छापील शब्द पुरला. यावर पुष्कळ लोक हंसले. तथापि आज रॉथ यांस जी सवलत द्यावी, तीच उद्यां प्रत्येक पुढाऱ्यास आणि व्यापाऱ्यास स्वतःविषयीं द्यावी लागेल, हा संपादकांचा पूर्वपक्षहि अगदींच टाकाऊ नव्हता.

नियम कितीहि चोख असले, तरी वाद व्हावयाचे ते होतातच. एकानें लिहावें, दुसऱ्यानें पुसावें, पहिल्यानें पुन्हां लिहावें, असा खेळ सुरू झाला म्हणजे त्यावर पहिला लगाम असा, कीं एकाच लेखांत २४ तासांच्या आंत तीनहून अधिक वेळां दुसऱ्याचें लेखन उलटवूं नये. तसें करणाऱ्यास कांहीं काळ लिहिण्याची बंदी होते. मग दोघांनींहि चर्चेच्या पानावर यावें. तेथें जमलें नाहीं तर तिसऱ्या संपादकाचें मत मागावें. तेंहि न रुचल्यास सर्व समाजापुढें प्रश्न ठेवावा. अशी चर्चा बहुधा तीस दिवस चालते, आणि शेवटीं एखादा अलिप्त संपादक ती वाचून निकाल लिहितो. त्यानें डोकीं मोजावयाचीं नसतात, युक्तिवादांचें वजन पाहावयाचें असतें. विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि संगति असें पंचांग अधिकरण मीमांसकांनीं सांगितलें. त्या परंपरेंत वाढलेल्या माणसास ही पद्धति परकी वाटूं नये. सर्वांच्या वर इंग्रजी विकिपीडियांत एक लवादमंडळ आहे. तें जानेवारी २००४ पासून काम करूं लागलें व त्याचे सभासद निवडणुकीनें नेमले जातात. मात्र हें मंडळ लेखांतील विधान खरें कीं खोटें हें ठरवीत नाहीं. वाद घालणारांनीं सभ्यपणा सोडला कीं काय, एवढेंच पाहतें.

वादाचे विषय तरी किती विविध! पोलंडमधील ग्दान्स्क शहरास जर्मन लोक डांट्सिग म्हणत. लेखांत कोणतें नांव वापरावें यावर इतकें रण माजलें, कीं अखेर २००५ सालीं मतदान घ्यावें लागलें. निकाल असा झाला, कीं १३०८ ते १९४५ या काळाविषयीं लिहितांना डांट्सिग म्हणावें, आणि त्याच्या आधींच्या व नंतरच्या काळासाठीं ग्दान्स्क. हा वाद निदान दोन राष्ट्रांच्या अस्मितेचा होता. पण दह्याला इंग्रजींत जो शब्द आहे, त्यांत एक अक्षर ठेवावें कीं गाळावें, हा वाद आठ वर्षें चालून २०११ च्या डिसेंबरांत मिटला, हें ऐकून आमच्या भगिनी खचित म्हणतील, कीं तेवढ्या वेळांत किती विरजणें लागलीं असतीं!

गौतमांच्या न्यायसूत्रांत कथेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य जाणण्यासाठीं चालतो तो वाद. जिंकण्यासाठीं चालतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडतां केवळ दुसऱ्याचें खंडन करणें ती वितंडा. विकिपीडियाच्या चर्चापानांवर तीन्हीहि प्रकार यथेच्छ आढळतात. ज्या स्वयंसेवकांचा आम्ही येथें गौरव करीत आहों, त्यांचें खरें काम हेंच, कीं जल्पाला वादाच्या मार्गावर आणावें आणि वितंडेला दार दाखवावें. हें काम दिवसभराची नोकरी आटोपून, शिव्याशाप सोसून, कोणतेंहि नांव न मिळवितां चाललेलें असतें.

संपादकांच्या आपसांतील वादाहून वाचकाची तक्रार हा अधिक गंभीर प्रकार होय. जॉन सिगेनथालर या वृद्ध अमेरिकन पत्रकाराविषयीं मे २००५ मध्यें कोणा निनांवी इसमानें थट्टेनें लिहून ठेविलें, कीं केनेडी बंधूंच्या खुनांत यांचा हात असल्याचा एके काळीं संशय होता. हा धडधडीत खोटा मजकूर चार महिन्यांहून अधिक काळ तसाच राहिला. नोव्हेंबर २००५ मध्यें सिगेनथालर यांनीं 'यूएसए टुडे' पत्रांतून याचा जाहीर निषेध केला, तेव्हां जग जागें झालें. पुढच्याच महिन्यांत इंग्रजी आवृत्तींत नोंदणी न केलेल्या माणसास नवा लेख निर्माण करण्याची मनाई झाली. हयात व्यक्तीविषयींचा निराधार व बदनामीकारक मजकूर चर्चेची वाट न पाहतां तात्काळ काढावा, हा नियमहि पुढें दृढ झाला.

अशा तक्रारींसाठीं विकिमीडियाचें एक स्वयंसेवक-मंडळ आहे. ज्यांच्यावर लेख आहे त्यांचीं, त्यांच्या नातलगांचीं आणि सामान्य वाचकांचीं पत्रें येथें येतात. पत्रांतील मजकूर गुप्त ठेवण्याचें वचन देऊन हीं मंडळी एकेक पत्र वाचतात व सौम्य शब्दांत उत्तर धाडतात. प्रत्येक लेखाच्या पायथ्याशींच वाचकांचे अभिप्राय मागविण्याचाहि प्रयोग २०१० पासून करून पाहण्यांत आला. प्रथम ताऱ्यांनीं गुण द्यावयाचे होते, मग शब्दांनीं मत लिहावयाचें ठरलें. परंतु उपयुक्त सूचनांपेक्षां निरर्थक शेरेच फार येऊं लागले, ते चाळणाऱ्यांचा वेळ व्यर्थ जाऊं लागला, आणि संपादकांच्या विरोधामुळें २०१४ सालीं तो प्रयोग बंद झाला. अभिप्राय मागणें सोपें आहे. तो वाचून त्यावर कृति करणारीं माणसें मिळणें कठीण, हा त्यांतील बोध.

हा प्रश्न आतां आपल्या दारापर्यंत आला आहे. एएनआय या वृत्तसंस्थेनें आपल्यावरील लेखांत बदनामी झाल्याचें सांगून जुलै २०२४ मध्यें दिल्ली उच्च न्यायालयांत दोन कोटी रुपयांचा दावा लाविला. ज्यांनीं तो मजकूर लिहिला त्यांची ओळख उघड करावी, असाहि मुद्दा तेथें निघाला. त्या खटल्यावर लिहिलेलें विकिपीडियाचें पानच काढावें, असा हुकूम ऑक्टोबर २०२४ मध्यें झाला. तो सर्वोच्च न्यायालयानें ९ मे २०२५ रोजीं रद्द केला. फेब्रुवारी २०२५ मध्यें 'छावा' हा चित्रपट प्रदर्शित झाल्यावर छत्रपति संभाजी महाराजांवरील लेखाच्या मजकुरावरून महाराष्ट्रांत क्षोभ उसळला. राज्याच्या सायबर पोलिसांनीं विकिमीडियास नोटीस दिली, आणि कांहीं संपादकांवर गुन्हाहि नोंदविला.

या प्रकरणांचा न्याय करणें आमचें काम नव्हे. परंतु त्यांतून जी अडचण उभी राहते, ती प्रत्येक विचारी कुटुंबानें समजून घेण्यासारखी आहे. ज्याची अब्रू जाते त्यास दाद मिळालीच पाहिजे. सिगेनथालर यांच्या जागीं आपले वडील असते तर, असें मनांत आणून पाहावें. उलट, आधार देऊन दोन ओळी लिहिणाऱ्या शिक्षकाच्या दारीं जर पोलीस येणार असतील, तर शहाणीं माणसें लेखणी खालीं ठेवतील, आणि मैदान केवळ उन्मत्तांस व भाडोत्र्यांस मोकळें राहील. म्हणून शक्य तोंवर वाद सभेंतच मिटावा, आणि राजद्वार हा शेवटचा उपाय असावा, असें आमचें मत आहे.

पण सभा म्हटली कीं सभासद हवेत. इंग्रजींत एखादें खोटें विधान शिरलें, तर त्यावर नजर ठेवणारीं हजारों माणसें आहेत. मराठी विकिपीडियांत लेखांची संख्या लाखाच्या आसपास पोंचली, तरी नित्यनेमानें काम करणारे संपादक फार थोडे. तेथील सार्वजनिक चर्चेच्या पानास 'चावडी' असें सुरेख नांव आहे, आणि व्यवस्था पाहणाऱ्यांस 'प्रचालक' म्हणतात. पण चावडीवर चार माणसें जमलीं नाहींत, तर निवाडा कोण करणार? चार जणांच्या हातीं जो निवाडा, तो चार जणांच्या आवडीनिवडीचाच व्हावयाचा, मग ते कितीहि प्रामाणिक असोत.

आमच्या वाचकांत निवृत्त शिक्षक आहेत, ग्रंथपाल आहेत, घरांत जुन्या पुस्तकांचा संग्रह बाळगणाऱ्या गृहिणी आहेत. त्यांनीं हें काम अवश्य हातीं घ्यावें. चूक दिसली तर नुसतें 'हें खोटें आहे' असें म्हणूं नये; कोणत्या ग्रंथांत, कोणत्या पृष्ठावर काय म्हटलें आहे, तें चर्चापानावर लिहावें. स्वतःविषयीं, स्वतःच्या कुलाविषयीं अथवा संस्थेविषयीं लेखांत स्वहस्तें बदल करूं नयेत. नातें उघड सांगून पुरावा पुढें ठेवावा आणि निर्णय दुसऱ्यावर सोंपवावा. समोरचा माणूस सद्हेतूनेंच लिहीत आहे असें प्रथम धरून चालावें; हा तेथील नियमच आहे. आणि मुलें शाळेच्या कामासाठीं विकिपीडियांतून उतरून घेऊं लागलीं, तर त्यांस रागें भरण्यापेक्षां लेखाखालचे आधार, चर्चा आणि इतिहास उघडून दाखवावा. एखादें वाक्य कितीदां लिहिलें गेलें, कितीदां खोडलें गेलें आणि शेवटीं कोणत्या पुराव्यावर टिकलें, हें ज्या मुलानें एकदां पाहिलें, तो पुढें कोणत्याहि छापील शब्दास आधार विचारल्यावांचून राहणार नाहीं.