दुधासाठी शेळीपालन : विण्याच्या हंगामातील दक्षता

सिल्वासानजीकच्या डोकमर्डीसारख्या भरपूर पावसाच्या परिसरात दुधासाठी शेळ्या पाळावयाच्या झाल्यास शेजारच्या दक्षिण गुजरातेतील सुरती जात प्रथम विचारात घ्यावी. ही शेळी बहुधा पांढरी व दुधाळ असून, दूरवर चरावयास न नेता गोठ्यात बांधून पोसता येते. प्रारंभी दोन-तीन शेळ्या पुरेत. नुकतीच व्यालेली शेळी घेताना दूध समक्ष काढून पाहता येते, हा या हंगामातील खरेदीचा लाभ होय.

गाभण शेळी घेतल्यास विण्याची तारीख विचारून ठेवावी. गाभणकाळ सुमारे 150 दिवसांचा असतो. विण्यापूर्वी एक महिना आंत्रविषाराची लस टोचून घेतल्यास चिकावाटे करडांनाही संरक्षण मिळते.

खरी कसोटी विण्यानंतरच्या पहिल्या तासात लागते. करडास रोगप्रतिकारशक्ती चिकातूनच लाभते, आणि ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता एका दिवसात नाहीशी होते. म्हणून अंग पुसून, नाळेस टिंक्चर आयोडीन लावून त्यास त्वरित चीक पाजावा. दोन किलो वजनाच्या करडाच्या पोटात पहिल्या दिवशी सुमारे 200 ग्रॅम चीक, तीन-चार वेळा विभागून, जावयास हवा. खरवसाचा मोह येथे महागात पडतो. जुळी असल्यास दुबळे करडू मागे रेटले जाते. त्यास हाताने सडाशी धरावे.

विक्रीचे दूध चार-पाच दिवसांनंतरच काढावे. बोकड दूर बांधावा; त्याचा उग्र वास दुधास लागतो आणि दोष मात्र शेळीच्या माथी येतो. दूध उकळूनच वापरावे, कारण सांसर्गिक गर्भपाताचे जंतू कच्च्या दुधातून माणसास बाधतात.