उपलब्धतेची विचारणा : इंग्रजीतील विनयवचने आणि मराठी भाषक

प्रस्तावना

महाविद्यालयीन कामकाजात एक वाक्य पुनःपुन्हा लिहावे लागते. चर्चासत्राला बीजभाषक हवा असतो, तोंडी परीक्षेला बहिःस्थ परीक्षक हवा असतो, अभ्यासमंडळाच्या बैठकीसाठी तज्ज्ञ सदस्याची तारीख हवी असते आणि पत्र इंग्रजीत पाठवायचे असते. विचारायचे असते ते एवढेच, की त्या दिवशी आपल्याला सवड आहे काय? हे विचारणे सोपे वाटते. पण इंग्रजीवर चांगले प्रभुत्व असणाऱ्यांचेही पाऊल नेमके येथेच घसरते.

'काइंडली कन्फर्म युअर अव्हेलेबिलिटी बाय रिटर्न मेल' हे वाक्य उदाहरणादाखल घेता येईल. त्यात व्याकरणाचा दोष नाही. 'काइंडली' हा शब्द असल्याने लिहिणाऱ्यास ते नम्रही वाटते. परंतु वाक्याचा सांगाडा आज्ञार्थी आहे. 'काइंडली' किंवा 'प्लीज' लावल्याने आज्ञा सौम्य होते, तिची विनंती होतेच असे नाही. ज्याने अद्याप येण्याचे मान्यच केलेले नाही, अशा व्यक्तीला हे वाक्य एखाद्या कार्यालयाच्या परिपत्रकासारखे वाटू शकते. जेनी थॉमस यांनी १९८३ साली परभाषेतील अशा अपयशांचे विवेचन करताना एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. व्याकरणाची चूक ऐकणाऱ्याला चूक म्हणून दिसते आणि तो ती भाषेच्या अपुऱ्या परिचयाच्या खाती टाकतो. विनयाची चूक मात्र बोलणाऱ्याच्या स्वभावाच्या खाती जमा होते. इंग्रजी जितके सफाईदार, तितका हा धोका अधिक, कारण सफाईदार बोलणाऱ्याला अज्ञानाची सवलत मिळत नाही. प्रस्तुत लेखात उपलब्धता विचारण्याच्या इंग्रजी वचनांची घडण आणि त्यांचे मराठी रीतीशी असलेले नाते यांचा विचार केला आहे.

विचारणा की विनंती?

बोलणे हीदेखील एक कृती आहे, हा विचार जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांमुळे रुजला. जॉन सर्ल यांनी तो पुढे नेला व १९७५ साली अप्रत्यक्ष विनंतीचे स्पष्टीकरण दिले. कोणतीही विनंती सार्थ ठरण्यासाठी काही पूर्वअटी लागतात. समोरच्याला ते काम करणे शक्य असले पाहिजे, ही त्यांपैकी एक. त्या अटीविषयी प्रश्न विचारला की विनंती आपोआप सूचित होते. जेवणाच्या टेबलावर 'कॅन यू पास द सॉल्ट?' असे विचारणाऱ्याला समोरच्याच्या हाताच्या ताकदीची चौकशी करायची नसते. 'आर यू फ्री ऑन सॅटर्डे?' हा प्रश्न त्याच जातीचा आहे. सवड ही येण्याची पूर्वअट, म्हणून सवडीची चौकशी ही येण्याच्या विनंतीची नांदी ठरते.

संभाषणाच्या अभ्यासकांनी अशा नांदीला स्वतंत्र स्थान दिले आहे. तिचा उपयोग दोन्ही बाजूंना होतो. सवड नाही असे कळले, तर विचारणारा विनंती न करताच थांबतो. नकार द्यावा लागत नाही आणि घ्यावाही लागत नाही. पण तिच्यात एक सापळाही आहे. 'शनिवारी मोकळे आहात का?' या प्रश्नाला 'हो' म्हणून बसल्यावर पुढे 'मग आमच्या महाविद्यालयात दोन व्याख्याने द्या' असे आले, तर सुटायला जागा उरत नाही. म्हणूनच इंग्रजी भाषक अशा उघड्या प्रश्नाला अनेकदा 'व्हाय, व्हॉट्स अप?' असा सावध प्रतिप्रश्न करतात. पत्रात तर प्रतिप्रश्नाची सोय नसते. तेव्हा आधी प्रयोजन, मग अपेक्षित काम, त्यानंतर दिवस व वेळ आणि शेवटी सवडीची विचारणा, हा क्रम अधिक सौजन्याचा ठरतो. वाक्य कितीही गोड असले, तरी प्रयोजन दडवून विचारलेली सवड सौजन्याची म्हणता येत नाही.

भीड आणि विनय

पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी १९७८ साली मांडलेली व १९८७ साली ग्रंथरूपाने आलेली विनयाची उपपत्ती या क्षेत्रात सर्वाधिक चर्चिली गेली. तिच्यासाठी त्यांनी इंग्रजी, तमिळ आणि मेक्सिकोतील त्सेल्ताल या भाषांची सामग्री वापरली. अर्व्हिंग गॉफमन यांची सामाजिक प्रतिमेची कल्पना तिच्या मुळाशी आहे. प्रत्येकाला दोन गोष्टी हव्या असतात : आपण इतरांना हवेसे वाटावे आणि आपल्यावर कोणी काही लादू नये. दुसऱ्याच्या वेळेवर हक्क सांगणे हा दुसऱ्या इच्छेवर आघात असतो. तो किती मोठा, हे परस्परांतील अंतर, अधिकारातील फरक आणि मागितलेल्या गोष्टीचे वजन या तीन बाबींवर ठरते.

हा विचार समजण्यासाठी मराठी वाचकाला दूर जावे लागत नाही. मराठीत 'भीड' हा शब्द आहे. भीड घालणे, भिडेखातर येणे, भिडस्त स्वभाव, 'भीड ही भिकेची बहीण' या सर्व प्रयोगांत हीच जाणीव आहे की, समोरच्याला नाही म्हणणे अवघड करून ठेवणे हा एक प्रकारचा दाब आहे. इंग्रजीतील सवड विचारणारी विनयवचने म्हणजे भीड न घालता विचारण्याची साधने होत, असे म्हटल्यास ते अयोग्य ठरू नये.

ही साधने इंग्रजीला अधिक प्रमाणात लागतात, याला ऐतिहासिक कारणही आहे. मराठीत तू, तुम्ही, आपण या सर्वनामांवर व क्रियापदाच्या रूपांवर आदराचा बराच भार सोपवता येतो. प्रमाण इंग्रजीतील 'दाऊ' हे एकवचनी सर्वनाम सतराव्या शतकात नित्य व्यवहारातून मागे पडले व सर्वांसाठी एकच 'यू' उरले. कुलगुरू आणि वर्गमित्र यांना एकाच सर्वनामाने संबोधणाऱ्या भाषेत अंतर दाखविण्याचे पुष्कळसे काम साहाय्यक क्रियापदे, काळ आणि वाक्यरचना यांना करावे लागते.

वचनांची घडण

यांतील पहिले साधन भूतकाळाचे. 'आय वॉज वंडरिंग इफ यू माइट बी फ्री ऑन ट्यूज्डे' या वाक्यातील कुतूहल बोलण्याच्या क्षणीच असते. तरी क्रियापद भूतकाळी आहे. इच्छा जणू मागे होऊन गेली, आता तिचा आग्रह नाही, असा भास त्यातून निर्माण होतो. मराठी भाषकाला ही युक्ती परकी वाटण्याचे कारण नाही. प्राचार्यांच्या दाराशी उभा राहून विद्यार्थी 'सरांना भेटायचे होते' असेच म्हणतो. भेटायचे आत्ताच असते; 'होते' हे केवळ अदबीचे. वर्गात हा दाखला दिला, तर 'आय वॉन्टेड टू आस्क' का म्हणायचे, हे वेगळे शिकवावे लागणार नाही.

दुसरे साधन कर्ता बदलण्याचे. 'आर यू फ्री ऑन ट्यूज्डे?' येथे व्यक्ती कर्त्याच्या जागी आहे; 'वुड ट्यूज्डे सूट यू?' येथे मंगळवार कर्ता झाला. नकार द्यायचा झाल्यास माणूस नकार देत नाही, मंगळवार गैरसोयीचा ठरतो. मराठीतील 'जमेल का?' हे क्रियापद हेच काम अधिक सहजतेने करते. 'जमणार नाही' या उत्तरात इच्छेचा दोष नसतो, परिस्थितीचा असतो. 'आपल्याला येता येईल का?' या रचनेतही येणारा चतुर्थीत जातो व त्याची मर्जी पडद्याआड राहते. 'वुड यू बी अव्हेलेबल?' याचा शब्दशः अनुवाद 'आपण उपलब्ध असाल काय?' असा होतो आणि कार्यालयीन पत्रांतून तो रूढही झाला आहे. परंतु त्याचा खरा मराठी प्रतिरूप 'जमेल का?' हाच आहे.

भविष्यकाळातील एक बारकावा पाठ्यपुस्तकांत सहसा हरवतो. 'विल यू कम टू द मीटिंग?' यात इच्छेची विचारणा आहे व म्हणून विनंतीचा दाब आहे. 'विल यू बी कमिंग टू द मीटिंग?' यात आधीच ठरलेल्या बेताची चौकशी आहे. दुसरा प्रश्न उत्तर देणाऱ्याला मोकळा ठेवतो. तसेच 'सम' आणि 'एनी' यांचे. 'डू यू हॅव सम टाइम?' हा प्रश्न होकाराची अपेक्षा धरून येतो, 'डू यू हॅव एनी टाइम?' तशी अपेक्षा धरत नाही. याच ओळीतील 'डू यू हॅव द टाइम?' मात्र सामान्यतः वेगळ्याच अर्थाने घेतला जातो. त्याचे उत्तर बहुधा मनगटावरील घड्याळ पाहून 'सव्वाचार' असे मिळेल.

दूरध्वनीवर 'आर यू फ्री?' ऐवजी 'आर यू बिझी?' विचारण्यातही एक शहाणपण आहे. संभाषणात होकार देणे नकारापेक्षा सोपे असते. पहिल्या प्रश्नाला नकाराने अडवावे लागते. दुसऱ्यात 'हो, जरा कामात आहे' असे होकारानेच सुटता येते. मराठीतील 'गडबडीत तर नाही ना?' हा प्रश्न त्याचाच भाऊबंद.

शब्दनिवडीविषयी थोडक्यात सांगता येईल. 'व्हेकन्ट' हा शब्द खोली, आसन किंवा पद यांसाठी योग्य आहे, माणसासाठी नाही. मराठीत 'तुम्ही रिकामे आहात का?' असे विचारल्यावर ऐकणाऱ्याला रिकामटेकडेपणाचा जो वास येतो, तसाच तेथेही येतो. 'अव्हेलेबल' शब्दाला खासगी संदर्भात अविवाहित किंवा मोकळा असल्याचा अर्थ आहे, हे तरुण विद्यार्थ्यांना वेळीच सांगितलेले बरे. 'अ‍ॅट युअर कन्व्हीनियन्स' म्हणजे सवडीने. पण 'अ‍ॅट युअर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स' म्हणजे विनयाच्या वेष्टनातील 'लवकर'. वरिष्ठांना हे दुसरे वचन लिहिताना ते वेष्टन किती पातळ आहे, हे ध्यानात घ्यावे.

लांबी म्हणजे विनय नव्हे

संभाषणकौशल्याच्या अनेक पुस्तकांत अशी वचने शिडीसारखी मांडलेली असतात : 'कॅन'च्या वर 'कुड', त्याच्या वर 'वुड यू माइंड', सर्वांत वर सर्वांत लांब वाक्य. ही मांडणी दिशाभूल करणारी आहे. शोशना ब्लुम-कुल्का यांच्या १९८७ सालच्या अभ्यासात इंग्रजी आणि हिब्रू या दोन्ही भाषांच्या भाषकांनी सर्वाधिक आडवळणी विनंतीला सर्वाधिक नम्र मानले नाही. रूढ अप्रत्यक्ष प्रश्नच त्यांना अधिक नम्र वाटले. आडवळण फार झाले की अर्थ शोधण्याचा भार ऐकणाऱ्यावर पडतो. रोजच्या सहकाऱ्याला पाच मिनिटांसाठी 'आय वॉज वंडरिंग इफ यू माइट पॉसिब्ली' म्हटले, तर त्याला उपरोधाची शंका येईल. तेथे 'गॉट अ मिनिट?' पुरे.

आग्रहाची भाषा

येथवरचे विवेचन पाहता इंग्रजीची रीत स्वीकारली की काम झाले, असा समज होण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात अडचण उलट दिशेनेही येते. ब्राउन आणि लेव्हिन्सन यांच्या उपपत्तीवर १९८८ साली योशिको मात्सुमोतो यांनी जपानीच्या व १९९० साली गू युएग्वो यांनी चिनी भाषेच्या आधारे आक्षेप घेतले. चिनी रीतीत आमंत्रणाचा आग्रह हा आघात मानला जात नाही, तर जिव्हाळा मानला जातो, असे गू यांचे प्रतिपादन होते. मराठी समाजाला हे निराळे सांगण्याची गरज नाही. येथे लग्नपत्रिकेवर 'आग्रहाचे निमंत्रण' असे छापतात, 'यायचंच हं, कारणं चालणार नाहीत' असे सांगतात आणि पाहुण्याच्या पानात नको म्हणताना वाढतात. सुटकेच्या वाटा मोकळ्या ठेवणे हा इंग्रजी विनय. त्या वाटा प्रेमाने बंद करणे हा मराठी विनय. मराठी रीतीत वाढलेल्या ज्येष्ठ अभ्यासकाला 'इफ यू हॅपन टू बी फ्री' असे पत्र आले, तर 'आलो काय अन् नाही काय, यांना सारखेच' असे त्याच्या मनात येणे अगदी शक्य आहे.

मात्र आग्रह इंग्रजीला सर्वस्वी अमान्य आहे, असेही नाही. जेफ्री लीच यांनी १९८३ साली लाभ आणि खर्च यांची पट्टी मांडली. ज्या कृतीचा लाभ ऐकणाऱ्याला आहे, तेथे थेट आज्ञाही नम्र ठरते. जिचा खर्च ऐकणाऱ्याला आहे, तेथे वाक्य मऊ करावे लागते. म्हणून 'यू मस्ट कम टू डिनर' हे उत्तम सौजन्य आहे आणि 'यू मस्ट कम अँड एक्झॅमिन अवर स्टूडंट्स' हा उद्धटपणा आहे. मराठी भाषक बीजभाषकाला बोलावताना त्याला मान देत असतो, म्हणजे त्याच्या दृष्टीने लाभ पाहुण्याचा असतो. इंग्रजी वाचक मात्र प्रवास, तयारी आणि गेलेला दिवस मोजतो. 'यू मस्ट' लिहिताना उद्धटपणाचा हेतू नसतो. हिशेबाची वही वेगळी असते.

त्यामुळे अशा पत्रात दोन्ही रीती शेजारी ठेवणे शक्य आहे. मान देण्याचे काम आधीच्या वाक्याने करावे : अभ्यासकाचे कोणते लेखन विद्यार्थ्यांनी वाचले आहे, त्याच्याकडूनच हा विषय ऐकण्याची इच्छा का आहे, हे नेमके लिहावे. त्यानंतर सवडीची विचारणा मोकळी ठेवावी : 'वुड आयदर द ट्वेल्फ्थ ऑर द नाइन्टीन्थ सूट यू?' दोन तारखा दिल्या की एक नाकारणे सोपे होते आणि दुसरी स्वीकारणेही. शेवटी 'वी शुड क्वाइट अंडरस्टँड इफ नायदर इज पॉसिबल' असे लिहिण्यास हरकत नाही. मात्र हे वाक्य लिहिल्यावर नकार आला, तर त्याच संध्याकाळी फोन करून 'सर, थोडे जमवाच' म्हणू नये.