दीर्घलहरी बिनतारी संदेश आणि एरिअलचा प्रश्न

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे दप्तरें, बखरी, ताम्रपट, शिलालेख व नाणीं यांचीच आपणांस आठवण होते. यंत्रें व त्यांचे आराखडे यांसही साधनांत स्थान द्यावें, असें म्हणणारे आपल्याकडे थोडे. परंतु कांहीं यंत्रें अशीं आहेत कीं, त्यांची रचना अमुकच प्रकारची कां, हें केवळ कागद वाचून उमगत नाहीं. तें कार्य पुन्हां करूं पाहणारासच उमगतें. दीर्घलहरी बिनतारी संदेशाचीं जुनीं केंद्रें ह्याच जातीचीं होत. गेल्या पाव शतकाहून अधिक काळ कांहीं हौशी संदेशक, ज्यांस हॅम म्हणतात, आपल्या परसांतून ह्याच प्रकारच्या लहरींवर संदेश पाठविण्याचा उद्योग करीत आले आहेत. त्यांस पडणारी मुख्य अडचण कोणती, व तिच्यामुळें जुन्या केंद्रांच्या अवशेषांवर कोणता प्रकाश पडतो, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

बिनतारी लहर एका सेकंदांत सुमारें ३,००,००० किलोमीटर जाते. ह्या वेगास दर सेकंदाच्या कंपनसंख्येनें भागिलें असतां लहरीची लांबी निघते. उभी एरिअल लहरीच्या चतुर्थांशाइतकी उंच असली, म्हणजे ती आपलें काम उत्तम करते. १० मीटरांच्या लहरीस अडीच मीटरांची काठी पुरते. परंतु १९९७ नंतर युरोपांत प्रथम खुला झालेला व २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेनें हौशी संदेशकांस नेमून दिलेला १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झचा पट्टा घेतला, तर लहर सुमारें २,२०० मीटरांची, आणि तिचा चतुर्थांश ५५० मीटरांचा होतो. कांहीं साहसी लोक याहूनही खालीं, ८.२७ किलोहर्ट्झपर्यंत, उतरले आहेत. तेथें लहर ३६ किलोमीटरांची असून चतुर्थांश एव्हरेस्ट शिखराहूनही उंच भरतो. परसांत मात्र फार झालें तर दहा-पंधरा मीटरांचा खांब उभा राहतो. कोणी पतंगाच्या आधारानें तार उंच चढवितात. पण वारा पडला कीं तार खालीं येते.

आंखूड तारेनें बिघडतें काय, असा प्रश्न येथें उपस्थित होईल. तारेंत घातलेली शक्ति दोन वाटांनीं खर्च होते. एक भाग लहरीरूपानें आकाशांत जातो; दुसरा तार, वेटोळें व भूमि यांत उष्णता होऊन नष्ट होतो. दोहोंचा हिशेब ओहम ह्या विरोधाच्या मापांत मांडतात. पहिल्या विरोधास आपण प्रसरण-विरोध म्हणूं. उंची निम्मी केली तर तो चतुर्थांशावर येतो, आणि लहर दुप्पट केली तरीही चतुर्थांशावरच येतो. शिरोभागीं आडव्या तारा पसरून शक्य तितकी अनुकूलता केली, तरी १० मीटर उंचीच्या एरिअलचा १३७ किलोहर्ट्झवरील प्रसरण-विरोध अवघा ०.०३ ओहम भरतो. भूमि व वेटोळें यांचा विरोध ५० ओहम धरला, तर १,००० वॅट शक्ति खर्चून १ वॅटही आकाशांत जात नाहीं. ८.२७ किलोहर्ट्झवर हा अल्पांशही आणखी सुमारें २७० पटींनीं घटतो. बाकीच्या शक्तीनें परसांतील माती तापते, एवढेंच!

याशिवाय दुसरी अडचण मेळाची. आंखूड तार विद्युत्प्रवाहास सहज वाट देत नाहीं. तिच्या पायथ्याशीं तांब्याच्या तारेचें वेटोळें बसवून मेळ साधावा लागतो. एरिअलची विद्युत्धारकता ३०० पिकोफॅरॅड असेल, तर १३७ किलोहर्ट्झवर सुमारें ४.५ मिलिहेन्रीचें वेटोळें पुरतें, ८.२७ किलोहर्ट्झवर तेंच १ हेन्रीहून मोठें करावें लागतें. वरील १,००० वॅटांच्या उदाहरणांत १३७ किलोहर्ट्झवरही एरिअलवरील दाब १५,००० व्होल्टांच्या पुढें जातो. झाडाची फांदी जवळ असली, तर ठिणगी पडण्याचें भय. पाऊस आला कीं मेळ बिघडतो. तात्पर्य, उंची, शिरोभागाचा विस्तार, वेटोळ्याची निर्दोषता व भूमीशीं जोडणी ह्या चार गोष्टींवर सर्व भिस्त आहे.

आतां जुन्या केंद्राकडे वळूं. स्वीडनमध्यें वारबर्ग शहराजवळ ग्रिमेटन येथें अमेरिकेशीं तारा-संदेशांची देवघेव करण्यासाठीं बांधलेलें केंद्र १९२४ च्या डिसेंबरांत सुरू झालें. एर्न्स्ट अलेक्झांडरसन यांच्या योजनेचें तेथील विद्युज्जनित्र २०० किलोवॅटांचें आहे. त्याच्या फिरत्या चक्राच्या परिघावर ४८८ खांचा असून चक्र मिनिटास २,११५ फेरे घेतें. त्यावरून सेकंदास सुमारें १७,२०० कंपनें, म्हणजे १७.४ किलोमीटरांची लहर, हें गणित वाचकांनीं स्वतः करून पाहावें. एरिअल १२७ मीटर उंचीच्या सहा मनोऱ्यांवर ताणलेली आहे. हे मनोरे प्रचंड वाटतात खरे. परंतु लहरीच्या मानानें त्यांची उंची १३७ व्या हिश्श्याइतकी, म्हणजे तीही आंखूडच. म्हणूनच मनोऱ्यांस ४६ मीटरांचे आडवे बाहू दिले. तारा सुमारें २ किलोमीटर पसरल्या. आणि एकाच ठिकाणीं भूमीस न जोडतां प्रत्येक मनोऱ्यापाशीं निराळ्या वेटोळ्यांतून जोडल्या. प्रवाह सहा वाटांनीं भूमींत उतरूं लागला, तेव्हां भूमींतील नाश पुष्कळ घटला. छायाचित्र पाहणारास हीं वेटोळीं केवळ जोडकाम वाटतील. ज्यानें आपल्या परसांत भूमीच्या विरोधाशीं झगडा केला आहे, त्यास मात्र तींच ह्या रचनेचें मर्म आहेत हें तत्काळ कळतें.

संदेश घेणाराची स्थिति निराळी आहे. तेथें लहान चौकट-एरिअलही चालते. कारण दूरदूरच्या विजांचा खडखडाट इतका मोठा असतो कीं, एरिअल वाढविली तर संदेशाबरोबर खडखडाटही वाढतो. उपाय काळाचा. मोर्स लिपींतील एक ठिपका कित्येक सेकंद, प्रसंगीं मिनिटभरही लांबवितात आणि संगणकानें त्याची बेरीज करितात. झिजलेल्या शिलालेखाचे अनेक ठसे घेऊन ते ताडून पाहिले असतां खोटे ओरखडे गळतात व खरें अक्षर उमटतें, तसाच हा प्रकार होय.

या इतिहासाशीं पुण्याचा संबंध आहे, आणि तो उलट बाजूनें आहे. दीर्घलहरींसाठीं मैलभर मनोरे उभारण्याचा खर्च पाहून मार्कोनी कंपनीनें आंखूड लहरींचा झोत एका दिशेस सोडण्याची पद्धति पुढें आणिली. ब्रिटिश सरकारनें १९२४ मध्यें ती स्वीकारली. इंग्लंडाशीं हिंदुस्थानचें दळणवळण त्या पद्धतीनें १९२७ मध्यें सुरू झालें, तें खडकीजवळून संदेश पाठवून व दौंड येथें घेऊन. दीर्घलहरी केंद्रें मागें पडलीं, तीं ह्या पद्धतीपुढें. तरी त्या लहरी निरुपयोगी झाल्या नाहींत. त्या समुद्राच्या पाण्यांत कांहीं मीटर शिरतात. म्हणून पाणबुड्यांसाठीं त्यांचाच अवलंब होतो, व तामिळनाडूंतील आयएनएस कट्टबोम्मन हें नौदलाचें केंद्र त्याच कामाचें आहे.

अलेक्झांडरसन पद्धतीच्या केंद्रांपैकीं चालूं स्थितींत राहिलेलें असें ग्रिमेटन हें एकच होय. २००४ मध्यें त्यास जागतिक वारशाचें स्थान मिळालें, आणि विशेष दिवशीं त्याचें चक्र अद्यापि फिरवितात. बाकीचीं मोडून भंगारांत गेलीं. पोथीची प्रत हरवली तर दुसऱ्या घरीं प्रत मिळण्याची आशा असते. मनोरा पाडला, वेटोळें वितळविलें, म्हणजे पाठभेदासही जागा उरत नाहीं. यासाठीं खडकी व दौंड येथील बिनतारी केंद्रांचे आराखडे, कामाच्या नोंदवह्या, छायाचित्रें किंवा यंत्रांचे भाग ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं ते रद्दी न समजतां जपून ठेवावे, व त्यांची यादी करून अभ्यासकांस पाहावयास द्यावी, अशी आमची विनंति आहे.