चार ट्रॅकची टेप आणि सरकारी मंच

रॉक संगीत म्हटले की प्रचंड ध्वनिवर्धक, प्रकाशझोत आणि पाठीशी उभी असलेली एखादी धनाढ्य कंपनी असे चित्र डोळ्यांपुढे येते. रेमो फर्नांडिस यांच्या कारकिर्दीच्या आरंभी यातले काहीही नव्हते. 8 मे 1953 रोजी पणजीत जन्मलेला हा गिटारवादक मुंबईच्या जे. जे. महाविद्यालयातून वास्तुरचनाशास्त्र शिकला, पुढे युरोप आणि उत्तर आफ्रिकेत भटकला आणि अखेर शिवोलीच्या घरी परतला. इंग्रजीत स्वतः रचलेली गाणी त्याच्यापाशी होती. ती विकत घेण्यास मुंबईतील कंपन्या मात्र उत्सुक नव्हत्या. त्या काळी आपल्याकडील बहुतेक वाद्यवृंद परदेशी गाण्यांची हुबेहूब नक्कल करण्यातच धन्यता मानीत.

1984 साली ‘गोवन क्रेझी’ ही ध्वनिफीत निघाली ती घरातूनच. तिच्यासाठी वापरलेल्या चार ट्रॅकच्या यंत्राची रीत समजून घेण्याजोगी आहे. अशा यंत्रात साध्या कॅसेटच्या फितीवर चार स्वतंत्र पट्ट्या असतात. पहिल्या पट्टीवर गिटार वाजवायची, फीत मागे न्यायची, ती ऐकत दुसऱ्या पट्टीवर ताल धरायचा, तिसऱ्यावर बासरी. मग या तिन्ही चौथ्या पट्टीवर एकत्र उतरवल्या की पहिल्या तीन पुन्हा मोकळ्या होतात. प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर थोडी वाढते आणि एकदा मिसळलेले सूर पुन्हा सुटे करता येत नाहीत. म्हणजे एकट्या माणसाला वाद्यवृंद होता येते, परंतु प्रत्येक पायरीवर कायमचा निर्णय घ्यावा लागतो. रेमो यांनी वाद्ये स्वतः वाजवली, गायनही स्वतःच केले आणि तयार कॅसेटी पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी पोहोचवल्या. पुढे ‘ओल्ड गोवन गोल्ड’ आणि अमली पदार्थांच्या विळख्यावरील ‘पॅक दॅट स्मॅक’ आले. निर्माता, वादक आणि वितरक एकच असल्यामुळे अमुक ओळ गाळा असे सांगणारा कोणी मध्ये नव्हता. या स्वातंत्र्याची खरी परीक्षा मंचावर झाली.

राजीव गांधी पंतप्रधान असताना गोव्यातील एका सरकारी समारंभात रेमो यांना गाण्याचे निमंत्रण होते. राजभाषेच्या प्रश्नावरून गोवा ढवळून निघालेला तो काळ. अशा समारंभात स्वागतगीत अपेक्षित असते. रेमो यांनी ‘हॅलो राजीव गांधी’ हे गाणे म्हटले आणि गोव्याची गाऱ्हाणी पाहुण्यांच्या कानावर थेट घातली. हा पाहुण्यांचा उपमर्द आहे, असा गदारोळ काही राजकारण्यांनी आणि पत्रकारांनी केला. तो शमला तो खुद्द पंतप्रधानांचे कौतुकाचे पत्र आल्यावर. ज्यांच्या मानासाठी ही मंडळी रागावली होती, त्यांनाच गाणे आवडले होते!

हे गाणे इंग्रजीत का, असा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात येईल. उत्तर सरळ आहे : ऐकणाऱ्याला ती भाषा कळत होती. रेमो कोकणीत गातात, पोर्तुगीजमध्ये गातात. ‘जलवा’ आणि ‘बॉम्बे’मधील ‘हम्मा हम्मा’मुळे त्यांचा आवाज हिंदीतून घराघरांत गेला. प्रस्तुत लेखकाचे मूळ बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागात असल्याने या बहुभाषिकपणाचे त्याला नवल वाटत नाही. भालकी, औराद, आळंदच्या पट्ट्यात घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी बोलणारी माणसे पावलोपावली भेटतात. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात एकोणिसाव्या शतकात माणिकप्रभूंनी मराठी, कन्नड आणि हिंदीत पदे रचली. बसवकल्याणात तर बाराव्या शतकात राजाचा मंत्री असलेल्या बसवण्णांनी संस्कृत बाजूला ठेवून लोकांच्या कन्नडमध्ये वचने सांगितली. रेमो यांची गिटार या परंपरेतून आलेली नाही, तिचे मूळ बीटल्सच्या पिढीत आहे. पण कोणाशी बोलायचे हे आधी ठरवून मग भाषा निवडणे, ही खूण दोन्हीकडे सारखीच आढळते. गोव्यातील भाषावादाच्या धुळीत ती अनेकांच्या ध्यानात आली नाही, असे वाटते.

4 फेब्रुवारी 1987 रोजी विधानसभेत राजभाषा विधेयक संमत झाले. कोकणी राजभाषा ठरली आणि शासकीय कामकाजात मराठीलाही स्थान मिळाले. 30 मे रोजी गोवा घटक राज्य झाले. रेमो मात्र आता एकटे राहिले नव्हते. घरी चार पट्ट्यांवर साधलेला मेळ मंचावर जिवंत माणसांकडून साधायचा होता आणि त्यासाठी उभ्या राहिलेल्या वाद्यवृंदाचे नाव त्यांनी ठेवले ‘मायक्रोवेव्ह पापडम्स’. 2007 साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. राज्यकर्त्यांना रॉक अँड रोल कळत नाही, अशा अर्थाच्या नावाची ध्वनिफीत त्यांनी त्यापूर्वी पंधरा वर्षे, 1992 मध्येच काढली होती.