'देत नाही'भोवतीचं वर्तुळ

जॉन मूर अलास्कातल्या तेलवाहिनीवर सर्वेक्षणाचं काम करत. १९७६ साली त्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, पोट फुगलं, अंगभर काळेनिळे डाग उठले. निदान झालं हेअरी सेल ल्युकेमियाचं, म्हणजे रक्ताच्या एका दुर्मीळ कर्करोगाचं. ऑक्टोबरमध्ये ते लॉस एंजेलिसला, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. डेव्हिड गोल्ड यांच्याकडे गेले. प्लीहा प्रचंड वाढली होती. ती काढायला हवी, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि तो सल्ला योग्यच होता. शस्त्रक्रियेनंतर मूर यांची तब्येत सुधारली.

पण प्लीहा निघण्याआधीच तिचे काही भाग वेगळ्या संशोधन विभागात पोचवण्याच्या लेखी सूचना गेल्या होत्या. मूर यांच्या पेशी काही प्रथिनं नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात तयार करत होत्या. ही प्रथिनं रोगप्रतिकारशक्तीचं नियमन करतात. त्यामुळे अशा पेशी म्हणजे संशोधकांच्या आणि औषध कंपन्यांच्या दृष्टीने घबाड होतं. मूर यांनी सही केली होती ती शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर. या बाकीच्या बेताचं त्यांना कुणी काही सांगितलं नाही.

पुढची सात वर्षं ते तपासणीसाठी सिअ‍ॅटलहून लॉस एंजेलिसला खेपा घालत राहिले. दर खेपेला रक्त, त्वचा, अस्थिमज्जा, वीर्य यांचे नमुने घेतले जात. हे सिअ‍ॅटलमध्ये का होत नाही, या शंकेवर उत्तर मिळे की हे इथेच आणि डॉक्टरांच्याच देखरेखीखाली व्हायला हवं. दरम्यान १९७९ मध्ये त्यांच्या पेशींपासून प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणारी 'मो' नावाची सेल लाइन तयार झाली. १९८१ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज गेला. एका जैवतंत्रज्ञान कंपनीशी करार झाला, त्यात डॉक्टरांना ७५,००० शेअर मिळाले. करारानुसार डॉक्टर आणि विद्यापीठ यांना तीन वर्षांत किमान ३,३०,००० डॉलर मिळायचे होते.

यातलं काहीही मूर यांच्या कानावर नव्हतं. १९८३ मध्ये त्यांच्यासमोर एक छापील कागद आला. माझ्या रक्तापासून किंवा अस्थिमज्जेपासून तयार होणाऱ्या सेल लाइनवरचे माझे आणि माझ्या वारसांचे सगळे हक्क मी विद्यापीठाला 'देतो' किंवा 'देत नाही', यांपैकी एकाभोवती वर्तुळ काढायचं होतं. पहिल्यांदा त्यांनी 'देतो'भोवती काढलं. पुढच्या खेपेला मन साशंक झालं आणि वर्तुळ 'देत नाही'भोवती पडलं. ते घरी पोचतात न पोचतात तोच डॉक्टरांचा फोन आला, की तुमच्याकडून चुकून भलत्याच शब्दाला वर्तुळ पडलं. पाठोपाठ टपालाने नवा कागद आला. मूर यांनी तो कागद वकिलाकडे नेला.

१९८४ मध्ये पेटंट मंजूर झालं. त्यावर शोधकर्ते म्हणून नावं होती डॉक्टरांचं आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेचं. मूर यांनी भरलेला खटला कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ९ जुलै १९९० रोजी निकाल लागला. दाव्यातले आरोप खरे मानून चाललं तर कायद्याने काय दाद मागता येते, एवढंच न्यायालयाला तपासायचं होतं. उत्तर दुहेरी आलं. शरीराबाहेर काढलेल्या पेशींवर रुग्णाची मालकी उरत नाही, तशी मानली तर संशोधनाला खीळ बसेल. मात्र उपचारांपलीकडे आपला संशोधनाचा किंवा पैशाचा स्वार्थ असेल, तर तो रुग्णाला आधी सांगणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.

निकालाचा दुसरा भाग मोलाचाच होता. पण असहमत असलेले न्यायमूर्ती स्टॅनली मॉस्क यांनी त्यातली पोकळी नेमकी दाखवली. अशा दाव्यात रुग्णाला सिद्ध करावं लागतं, की खरं कळलं असतं तर कुठल्याही समंजस माणसाने ते उपचार नाकारले असते. मूर यांच्यासारख्याने हे सिद्ध कसं करायचं? प्लीहा तर काढावीच लागणार होती! म्हणजे ज्याला उपचारांची गरज सर्वांत जास्त, त्याच्याच हातात हा हक्क सर्वांत लुळा पडतो. आणि ज्या पेशींवर मूर यांची मालकी संशोधनाला घातक ठरत होती, त्यांच्यापासूनच बनलेल्या सेल लाइनवर विद्यापीठाचं पेटंट मात्र संशोधनाला पोषक, हा युक्तिवाद पटणं कठीण आहे.

हेन्रिएटा लॅक्स यांची गोष्ट याहून प्रसिद्ध आहे. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात न विचारता घेतलेल्या त्यांच्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. एका मोठ्या कंपनीने त्यांच्या वारसांशी तडजोड केली ती २०२३ मध्ये.

पण हा झगडा फक्त पैशांचा समजला तर त्यातला निम्मा भाग निसटतो. ग्रँड कॅनियनच्या एका दरीत हवासुपाई ही छोटी आदिवासी जमात राहते. मधुमेहाने गावच्या गाव पोखरलं होतं, म्हणून १९९० पासून लोकांनी अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांना विश्वासाने रक्त दिलं. पुढे त्याच रक्तावर स्किझोफ्रेनियाचा, नात्यातल्या नात्यात होणाऱ्या संततीचा आणि पूर्वज कुठून स्थलांतर करून आले याचा अभ्यास झाला. आपला उगम याच दरीत झाला, अशी या लोकांची श्रद्धा आहे. २०१० मध्ये विद्यापीठाने ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर देऊ केले आणि उरलेले रक्ताचे नमुनेही परत केले. पैशांइतकेच ते नमुने या लोकांना हवे होते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत जैविक नमुन्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. साठवलेल्या नमुन्यांच्या पुढच्या वापराची संमती कशी घ्यायची, हे त्यात सांगितलं आहे. पण ऑपरेशनच्या आदल्या रात्री घाबरलेल्या नातेवाइकांपुढे कागदांचा गठ्ठा येतो आणि "इथे, इथे आणि इथे सही करा" असं सांगितलं जातं, तेव्हा काढलेल्या गाठीचं पुढे काय होणार हे विचारायचं भान कुणाला असतं? ते सांगण्याची जबाबदारी विचारणाऱ्यावर नव्हे, कागद पुढे करणाऱ्यावर असायला हवी.

अमेरिकेत २०१५ मध्ये एक प्रस्ताव आला होता, की नाव-गाव पुसलेल्या नमुन्यांवर संशोधन करायचं असलं तरीही रुग्णाची संमती घ्यावी. २०१७ च्या अंतिम नियमांतून तो वगळला गेला. संशोधनाच्या संमतीपत्रात नमुन्यांतून व्यापारी नफा होऊ शकतो का आणि त्यात वाटा मिळेल का, हे लिहिण्याची अट मात्र आली. मूर हे बघायला नव्हते. ते २००१ मध्येच गेले.